सतरावा दिवा

आमच्या घरात आरसे पुष्कळ होते, पण अख्खा असा एकही नव्हता. अप्पांचं काचेचं दुकान बसवकल्याणच्या बसस्टँडजवळ होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. कापून उरलेले आरशांचे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे. त्यामुळे घरात चालताना कुठे नुसता घोटा दिसायचा, कुठे परकराची किनार, कुठे मायचा भाकरी थापणारा हात. मी केस विंचरायची ते चुलीजवळच्या एका त्रिकोणी तुकड्यात बघून, आणि त्यात एका वेळी एकच वेणी मावायची. दुकानातून दिवसभर काच कापायच्या हिरकणीचा आवाज यायचा. अप्पा हिरकणी रॉकेलच्या वाटीत बुडवायचे, पट्टी धरून एकदाच ओढायचे, चर्र व्हायचं, आणि मग काच टेबलाच्या कडेला धरून खाली दाबली की टक्. चर्र आणि टक् यांच्या मधे घरात कुणी बोलायचं नाही. माय तव्यावरची भाकरीसुद्धा तेवढ्यापुरती उलटायची थांबायची. जेवायला बसलं की आधी ताटावरून तळहात फिरवायचा, काचेचा कण तर नाही ना हे बघायला, आणि मगच त्यात अंबाड्याची भाजी, भाकरी आणि कारळाची चटणी पडायची. ही सवय मला अजून आहे. सून हसते. स्टीलच्या चकचकीत ताटावरून मी हात फिरवते आणि ती म्हणते, "आई, मी घासलंय ते."

आमचे आजोबा जनवाड्याच्या बाजूला मेंढरं राखायचे. अप्पांना ते काम आवडलं नाही. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ते हैदराबादला गेले, एका म्हाताऱ्या उस्तादाकडे काच कापायला शिकले, उर्दू आकडे शिकले, आणि परत आले ते हातात हिरकणी घेऊनच. अप्पांना शाळा अशी नव्हतीच. मराठी अक्षर ते लावून लावून वाचायचे, कानडी वाचता यायचं नाही, बोलायचे मात्र तिन्ही भाषा सफाईनं. गाणगापूरच्या दुकानदारांसाठी दत्ताच्या तसबिरी करायच्या, सलूनवाल्यांचे आरसे बसवायचे, हे त्यांचं नेहमीचं काम. त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता. त्यांनी कापलेली काच चौकटीत एकदाच बसवावी लागायची. घासून, कापून, पुन्हा बसवणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. काटकोन तपासायचा गुण्या ते लावायचे तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, स्वतःसाठी नाही.

एकदा नव्या सलूनमधे समोरासमोरच्या भिंतींवर आरसे लावायचे होते. रविवार असल्यामुळे स्क्रू धरायला अप्पांनी मला नेलं होतं. दुसरा आरसा भिंतीवर चढला आणि मी एकदम पुष्कळ झाले. माझ्यामागे मी, तिच्यामागे मी, स्क्रूची वाटी हातात घेतलेल्या मुलींची रांगच्या रांग. मी मोजायला लागले, पण लांबच्या मुली गढूळ होत गेल्या.

"अप्पा, शेवटची कुठंय?"

"शेवटची हिरवी असतीय," अप्पा तोंडात स्क्रू धरून म्हणाले. मग स्क्रू काढून नीट सांगितलं, "काच पांढरी दिसती, पर असती हिरवीच. तुकडा कडेनं बघ म्हंजी कळंल. उजेड एवढ्या येळा काचंतनं जायलाय, मग हिरवा व्हनारच की. आन् मग संपायलाय."

त्या वेळी मी दहावीला होते. विज्ञान शिकवायला विनायक सर होते. त्यांची मुलगी वैशाली माझ्याच बाकावर बसायची. डबाही आम्ही एकत्रच खायचो. सर फार चांगले शिकवायचे, हे मला आज इतक्या वर्षांनी, स्वतः कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावरही म्हणावं लागतं. प्रकाशाचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर दोन समांतर रेघा काढल्या आणि सांगितलं की दोन आरसे समोरासमोर ठेवले तर प्रतिमा अनंत दिसतात. मी हात वर केला.

"न्हाई सर, संपतात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "संपतात? कितव्याला?"

"माहीत न्हाई."

"मग मोज आणि सांग मला."

त्या एका वाक्यासाठी मी सरांसाठी काहीही केलं असतं. पुस्तकात लिहिलेलं एखादी मुलगी मोजून बघू शकते, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम पूर्ण केलं, मग पातळ काचेच्या आरशाचे वीतभर लांबीरुंदीचे सहा चौकोन कापले. आम्ही त्यांची पेटी केली, आरशाची तोंडं आतल्या बाजूला. एका आरशाच्या पाठीवरचा लाल रंग आणि त्याखालची कलई अप्पांनी सुईनं मसुराच्या डाळीएवढी खरवडून दिली. तिथून आत बघायचं. आत मधोमध तारेला बांधून बॅटरीचा छोटा दिवा सोडला. दिवा लावला आणि मी डोळा लावला.

काय दिसलं ते मी पुढे वर्गात पुष्कळ वेळा सांगितलं, पण नीट कधीच सांगता आलं नाही. खाली, वर, चहूकडे दिवेच दिवे होते. शेत असावं तशा त्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळ लांब जाताना पिवळ्याची पोपटी व्हायची, पोपटीची गडद हिरवी, आणि मग नुसता काळोख. ओळी किंचित डावीकडे वळत गेल्या होत्या. आणि दिव्यांच्या मधे मधे काळे ठिपके होते, तेही ओळीनं. ते काय आहेत हे मला दोन दिवस कळलं नाही. ते मी ज्यातून बघत होते ते भोकच होतं, सगळीकडे उमटलेलं.

मायनं एक डोळा मिटून आत बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, जत्राच हाय की आत." अप्पा बराच वेळ बघत राहिले. नंतर पेटीवर त्यांनी हात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि दुकानात निघून गेले.

पुढचे दोन महिने मी मोजत होते. सरळ ओळ धरायची, दिवे मोजायचे, डोळा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पातळ काचेत सतरा दिवे दिसायचे. अठरावा आहे असं वाटायचं, पण तो आहे असं शपथेवर सांगता यायचं नाही. मला वाटलं होतं की जाड, महागाच्या काचेत जास्त दिसतील. अप्पांनी जाड काचेची दुसरी पेटी करून दिली, तर त्यात अकराव्यालाच काळोख. अप्पा म्हणाले, "जाड काच उजेड जास्त खायली." एका बाजूचा आरसा केसभर कलता केला तर ओळ किती वळते, तेही मी लिहून ठेवलं. हे सगळं एका दोनशेपानी वहीत होतं. काच किती जाडीची, कुठं कापली, हे अप्पा समासात लाल काचपेन्सिलीनं उर्दू आकड्यांत लिहायचे. वैशाली संध्याकाळी आली की ती मोजायची, मी लिहायची, मग मी मोजायची, ती लिहायची. अप्पाही शेजारी बसून मोजायचे, पण आम्हा दोघींचा आकडा जुळला तरच वहीत. मायच्या हातची कारळाची चटणी तिला फार आवडायची.

सरांनी वही बघितली आणि सांगितलं की जिल्ह्याच्या प्रदर्शनाला, बिदरला, आपल्या शाळेकडून हीच पेटी जाणार. तिथून निवड झाली तर बंगळूरला.

त्याच सुमारास वैशालीच्या मामांनी बिदरला कंप्युटरचे वर्ग सुरू केले. रविवारी ती सरांबरोबर तिकडे जायला लागली. सोमवारी डब्याच्या वेळी मला सांगायची की त्या खोलीत चपला काढून जावं लागतं, देवळात जातात तसं. तिथं थंडगार असतं, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात. मी विचारलं, "तिथं काय करतेस गं?" ती म्हणाली, "मामा शिकवतात काहीतरी." मी पुढे विचारलं नाही. बिदरला अजून मी गेलेही नव्हते, आणि तिकडच्या गोष्टी तिच्या तोंडून ऐकायला मला छान वाटायचं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी अप्पांनी पेटी आजोबांच्या घोंगडीत गुंडाळली. "तू शाळंत जा. म्या सरांकडं पोचीवतो," म्हणाले. वही पण त्यांनीच मागून घेतली. सर आणि वैशाली एक दिवस आधीच जाणार होते, मांडामांड करायला. आम्ही बाकीची मुलं सकाळच्या बसनं शाळेतल्या एका बाईंबरोबर गेलो. मायनं मला धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. हुमनाबाद येईपर्यंत मी परीक्षकांना काय सांगायचं त्याची मनात उजळणी करत होते. भोकाचे काळे ठिपके विचारले तर काय सांगायचं, हेसुद्धा.

आमच्या शाळेच्या टेबलावर कंप्युटर होता. पेटी नव्हती.

मला वाटलं मागे ठेवली असेल. टेबलाखाली वाकून बघितलं. मग सरांकडे गेले. सर कोट घालून उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पेटी फुटली गं बाळ, वाटेत. काच ती. आता रडू नकोस, सगळे बघताहेत." मी रडले नाही. मला अप्पांचं वाईट वाटलं. मनात आलं, घोंगडीत पेटीभोवती त्यांनी गवत कमी घातलं असेल.

तेवढ्यात परीक्षक आले. वैशालीनं एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर हिरव्या टिंबांची ओळ सुरू झाली, लांब जात जात टिंबं लहान झाली, विरळ झाली, आणि एका ठिकाणी संपली. एक म्हातारे परीक्षक चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. मी त्यांच्या मागेच उभी होते.

"हे थांबलं का? अनंत असायला हवं ना?"

"नाही सर," वैशाली म्हणाली. पाठ केलेलं तिला व्यवस्थित आलं. "खऱ्या आरशात प्रत्येक वेळी थोडा प्रकाश शोषला जातो. पातळ काचेत सतराव्या प्रतिमेनंतर दिसत नाही. जाड काचेत अकराव्या."

"हे सतरा आणि अकरा कुठून आणले?"

वैशालीनं सरांकडे बघितलं. सर पुढे झाले. "गणितातून येतं ते. कंप्युटरनं काढलंय."

म्हातारे परीक्षक खूश झाले. "वा. म्हणजे आरसे मांडून बघायची गरजच नाही," असं म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कंप्युटरच्या बाजूला, वायरीखाली, माझी वही उघडी पडलेली होती. समासात लाल उर्दू आकडे.

आज मला हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. माझा कंप्युटरवर राग नाही. पुढे मी स्वतः मुलांना असले प्रोग्रॅम करायला शिकवलं. त्या यंत्राला जे सांगितलं तेच त्यानं दाखवलं. माझे आकडे घालण्याआधी त्याच पडद्यावर टिंबं कधीच संपत नसत, हे मला नंतर कळलं. आकडे कुठून आले हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं ते माणसांना, आणि खोटं बोलली ती माणसं.

वैशाली मला नळाजवळ भेटली. ती ओंजळीनं पाणी पीत होती. मला बघून तिनं पाणी सोडून दिलं.

"फुटली ना पेटी," मी म्हणाले.

तिनं ओले हात पुसले. मग एकदम बोलली, "फुटली नाही शांते. ती आलीच नाही. तुझ्या अप्पांनी नुसती वहीच आणून दिली आमच्याकडे. मी घरातच होते. मला बाबांनी सांगितलं की तुला अप्पा सांगतील."

"आन् तू?"

"मी काय?"

"तू कामून न्हाई सांगितलीस?"

ती आत टेबलाकडे निघून गेली. धपाट्यांचा डबा माझ्या हातात तसाच होता. मी तो बसमधे दुसऱ्या मुलांना देऊन टाकला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अप्पा दुकानात होते. मी सरळ आतल्या मांडणीकडे गेले. सगळ्यात खालच्या खणात वीतभर लांबीरुंदीचे सहा आरसे एकावर एक रचून ठेवले होते, प्रत्येकाच्या मधे वर्तमानपत्राचा कागद. एकालाही तडा गेला नव्हता. कडेचा चिकटवलेला भाग अप्पांनी गरम पाण्यानं इतका स्वच्छ काढला होता की पेटी कधी होती असं वाटूच नये. वरच्या आरशाला तेवढं डाळीएवढं भोक होतं.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. मी विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"सर आल्ते दुकानात. म्हनले, शांताच्या बापा, तिकडं मोठमोठे लोक येनार. कंप्युटरात दिवं संपतच न्हाईत म्हने, खरं गनित तसंच हाय म्हने. आपल्या पेटीत सतराव्यालाच संपायलेत, आन् ओळ बी वाकडी जायली. म्हनले, तुमची काच हलकी हाय, कोन बी चुकलाय. लोक हासतील पोरीला." ते थांबले. "माजा कोन चुकलाय म्हनले."

"मग वही कामून दिली?"

"चुका दुरुस्त करून देतो म्हनले."

मी त्यांना सांगितलं. पडद्यावर सतराव्यालाच दिवे संपले. जाड काचेत अकराव्याला. वही टेबलावर होती. सर म्हणाले, गणितानं आलं. मी हे सगळं ओरडून सांगितलं असं मायचं म्हणणं होतं, मला ते हळू बोलल्यासारखं आठवतं. अप्पा खाली बसले. रॉकेलची वाटी हातात घेतली, परत ठेवली.

"म्हंजी काच खरी व्हती," म्हणाले.

त्यांना त्या वेळी काचेचंच सुचलं, याचा राग मला कितीतरी वर्षं होता. माझी पेटी त्यांनी माझ्या पाठीमागे मोडली होती. दोन महिने रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्यांनी स्वतः सतरा मोजले होते, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि तरी कोट घातलेल्या माणसानं एकदा सांगितल्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मला विचारायला नको होतं का? एकदा तरी? माय म्हणाली, "बाप हाय तुजा, तुजं हसू व्हऊ नये म्हनून केला." मी म्हणाले, "मग हासू द्यायचं व्हतं." त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

आमच्या शाळेची बंगळूरला निवड झाली. सर आणि वैशाली आठ दिवस तिकडे होते. परत आल्यावर वैशाली दुसऱ्या बाकावर बसायला लागली, आणि मी तिला परत बोलावलं नाही. मी वही मागितली. सरांनी सांगितलं, ती तिकडे जमा करावी लागली. मी अप्पांशी गरजेपुरतंच बोलायची. अप्पा दोनदा म्हणाले, "पेटी परत जोडू. तासाभराचं काम हाय." मी म्हणाले, "नको." त्यांनी ते सहा आरसे कुणाला विकले नाहीत, एवढं खरं.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर दुकानात टेबलावर एक जाड कागद पसरलेला होता. सोनेरी कडा, खाली गोल शिक्का, मजकूर कानडी. अप्पा त्याच्यावर वाकून बसले होते.

"काय हाय?"

"सरांनी धाडलंय. तसबीर करून पायजे, शाळंत लावायला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचून दाव."

मी वाचलं. राज्य पातळीवर दुसरा क्रमांक. वैशालीचं नाव. मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव. संगणकाच्या साहाय्यानं केलेलं स्वतंत्र संशोधन. मी एकेक ओळ कानडीत वाचून मराठीत सांगितली.

"तुजं नाव हाय का त्यात?"

"न्हाई."

अप्पांनी मान हलवली. उठले, पेटाऱ्यातून काच काढली. मला वाटलं होतं हलकी काढतील. त्यांनी त्यांच्याकडची सगळ्यात चांगली काच काढली, पातळ, एकही बुडबुडा नसलेली. चर्र झालं. टक् झालं. काच चौकटीत एकदाच बसली. मी जागची हलले नाही. मला बघायचं होतं.

संध्याकाळी सर स्वतःच न्यायला आले. अप्पा जागेवरून उठले. स्टूल गमछ्यानं पुसलं. "या सर, बसा."

"काय शांता, अभ्यास चाललाय ना? परीक्षा जवळ आली," सर म्हणाले. तसेच हसले, वर्गात हसायचे तसे.

मी विचारलं, "सर, सतरा कुठून आला?"

सरांनी एकदा अप्पांकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं की अप्पांना काही माहीत नाही. मग अगदी शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं ना तेव्हा. गणितातून."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. सतरा त्यांनी मोजला होता, काच त्यांनी कापली होती, वही त्यांनी दिली होती. दुकानात आम्ही तिघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. वाक्यसुद्धा नको होतं, नुसतं "न्हाई सर" म्हटलं असतं तरी मी जन्मभर त्यावर जगले असते.

अप्पा तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळत होते. त्यांनी चारी कोपरे दुमडले, सुतळीचा आडवा फेरा घेतला, उभा फेरा घेतला, गाठ मारली, ती ओढून बघितली. मग तसबीर दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

"जपून न्या सर," म्हणाले. "काच हाय."